मायनं विचारलं तेव्हा

या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, माझ्या योगवर्गाला येणारी एक बाई वर्ग सुटल्यावर मागे थांबली. बाकीच्या गेल्याची खात्री करून तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "बाई, मले जराक पाहून द्या ना." तिच्या गालाच्या आत, दाढेजवळ पांढरा चट्टा होता. दुसऱ्याच दिवशी मी तिला गडचिरोलीला घेऊन गेले. तिचं अजून कॅन्सरपर्यंत गेलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितला आणि दर महिन्याला दाखवायला बोलावलं. परतताना एसटीत तिनं मला विचारलं, "तुमाले समजलं तवा कसं वाटलं वो?"

एवढं मोठं उत्तर चामोर्शी येईपर्यंत देऊन होणार नव्हतं. म्हणून लिहायला बसले. यात औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टरांना विचारावीत. योगानं माझा कॅन्सर बरा झाला असंही यात काही नाही. तो ऑपरेशननं आणि शेकानं, म्हणजे रेडिएशननं गेला. योगानं काय केलं आणि काय नाही केलं, ते जमेल तसं सांगते. काही गोष्टींची लाज वाटते, त्याही सांगते.

डबी

माझं नाव छाया. चामोर्शीपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव आहे. माहेर आरमोरीकडचं. दोन्हीकडे धानाचीच शेती.

मी अकरा वर्षांची होते. धानाची रोपं लावायचे, रोवण्याचे दिवस होते. माय दुसऱ्यांच्या शेतांत, बांध्यांमध्ये रोवायला जायची आणि मलाही सोबत न्यायची. त्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली. खाली वाकलं की ठणका कानापर्यंत जायचा. मी चिखलात उभी राहून रडत होते. मायनं कमरेची डबी काढली, चिमूटभर नस बोटावर घेतली आणि माझ्या दाढेला लावली. नस म्हणजे तव्यावर काळा होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखू. आमच्याकडच्या बायका तो दातांना घासतात.

"घास," माय म्हणाली. "दुखनं बी मरते अन् भूक बी मरते."

डोकं गरगरलं. बांधावर बसून मी ओकले. मग दुखणं खरंच थांबलं. चार-पाच दिवसांनी दाढ बरी झाली तरी मी मायला नस मागितली, आणि तिनं दिली. त्यात काही वाईट आहे असं तिला माहीत नव्हतं. तिलाही तिच्या मायनंच दिली होती.

लग्न झाल्यावर मी लपवायला शिकले. आमच्याकडे पुरुषाचा खर्रा, म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी, चारचौघांत चालतो, बाईची नस चुलीमागे. माझे यजमान दिवसभर खर्रा खात. मी कधीतरी दात दुखला की नस लावते, एवढंच त्यांना माहीत होतं. मी दिवसातून सहा-सात वेळा घासत होते.

वहीत न लिहिलेलं

योगाकडे मी कंबरेमुळे आले. रोवण्यांनी कंबर गेली होती. चामोर्शीला महिलांचं शिबिर झालं, तिथे चार आसनं शिकले आणि वर्षात उभी राहू लागले. मग हौस वाढली. गडचिरोलीला दर रविवारी योगशिक्षकाचा अभ्यासक्रम चालायचा, तिथे नाव घातलं.

सकाळी दोन तास आसनं, प्राणायाम आणि दुपारी एक तास तत्त्वज्ञान. आसनांना आम्ही सगळ्या पुढे. तत्त्वज्ञानाच्या तासाला अर्ध्या पेंगायच्या. तो तास बोरकुटे सर घ्यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, खुर्चीवर बसून शिकवायचे. आम्ही मागे म्हणायचो, यांना साधी मांडी घालता येत नाही आणि हे योग शिकवतात. त्यांना ते ऐकू गेलं असावं. एकदा म्हणाले, "माह्ये गुडघे वाकत नाई, तुमाले दिसते. तुमचं काय वाकत नाई, ते मले दिसून राह्यलं."

त्यांनी यम आणि नियम शिकवले. अहिंसा, सत्य, अस्तेय, पुढचे सगळे. मी पाढ्यासारखे पाठ केले. सर म्हणायचे, "हे यादी नाई, हा क्रम आहे. अहिंसा पहिली काऊन अन् सत्य दुसरं काऊन, याचा विचार करा." परीक्षेत तोच प्रश्न आला. सत्य बोलतानाही दुसऱ्याला दुखवू नये, म्हणून अहिंसा आधी, असं मी दोन पानं लिहिलं. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले.

सरांनी आम्हाला एक वहीही ठेवायला लावली होती. स्वाध्याय म्हणजे नुसतं वाचणं नव्हे, स्वतःला तपासणं. आज कुठे खोटं बोललो, कुणावर उगाच चिडलो, ते रोज खरं लिहायचं. मी मन लावून लिहायचे. सासूबाईंना उलट बोलले, शेजारणीला घरात साखर असून नाही म्हटलं. पानंच्या पानं भरली. नस मात्र एकदाही लिहिली नाही.

पुढे आमच्या आरोग्य उपकेंद्रात सकाळचा योगवर्ग मला मिळाला. वीस-पंचवीस बाया यायच्या. शौच हा नियम शिकवताना मी सांगायचे, आतून आणि बाहेरून स्वच्छ राहायचं. सांगण्याआधी चूळ भरून बडीशेप चावलेली असायची.

तो दिवस

डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीला जखम झाली. दाढेचा कोपरा लागत असेल म्हणून तीन महिने मी तिच्यावर हळद दाबत राहिले. मग दाढ हलायला लागली. चामोर्शीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली आणि लगेच चिठ्ठी लिहून दिली. तिथून गडचिरोली. तुकडा काढून तपासायला गेला. तिथून चंद्रपूर.

चंद्रपूरच्या डॉक्टरांच्या टेबलावर कागद होता. त्यांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

यजमान लगेच म्हणाले, "नाई साहेब. ते योग शिकवते."

मी म्हटलं, "नस घासतो. अकरा वर्षांची होती तवापासून. रोज."

यजमानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी हे कुणासमोर पहिल्यांदा बोलले होते. डॉक्टर पुढे बरंच काही सांगत होते, जबड्याचा भाग, मानेतल्या गाठी, छातीवरचं मांस काढून गालाला लावणं. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. आपल्या मुलीची, प्रणालीची, बारावीची परीक्षा कधी आहे एवढंच मी आठवत होते आणि ते आठवत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी बाकावर बसले. यजमान म्हणाले, "मले व्हाले पाह्यजे होता हा." मग ते फाटकाबाहेर गेले. बाकावरून मला दिसत होतं. कडुलिंबाखाली उभं राहून त्यांनी तोंडातला खर्रा थुंकला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खिशातून पुडी काढली आणि नवा टाकला.

मला त्यांचा राग आला नाही. मलाही त्या क्षणी तेच पाहिजे होतं.

सर

ऑपरेशनला दहा दिवस होते. मी बोरकुटे सरांच्या घरी गेले. मनात एक वेडी आशा होती, की ते एखादा प्राणायाम सांगतील, एखादी क्रिया, जिनं हे टळेल. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. नसेचंही.

ते म्हणाले, "आसनानं गाठ जात नाई, छाया. कोनी सांगतलं त् त्याच्या नादी लागू नको. डॉक्टर म्हनते ते कर."

"सर, मी वहीत लिहिलं नोव्हतं."

"मले मालूम होतं. वास येत होता."

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू आपनहून बोलशील म्हून वाट पाहत होतो. बाईमानसाले कसं टोकावं, तिले वाईट वाटन, असं बी वाटलं. ते माह्यं चुकलं. चांगलं वागतो समजून गप्प राह्यलो."

त्या दिवशी त्यांनी मला कुठलीही क्रिया सांगितली नाही. फक्त बसायला लावलं. "तलफ येते तवा काय होते, ते पाहा. तिच्याशी भांडू नको. कुठी सुरू होते, कितीक चढते, कवा उतरते, पाहून राह्य." मी डोळे मिटले. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, हात कमरेकडे गेला, छातीत कासावीस झालं. बऱ्याच वेळानं ती लाट ओसरली. पुन्हा आली. पुन्हा ओसरली. इतकी वर्षं मी ध्यान शिकले, शिकवलं, पण खरं ध्यान बहुतेक तेव्हा पहिल्यांदा लागलं. ऑपरेशनपर्यंतचे दहा दिवस मी नसेशिवाय काढले, ते तसंच बसून. रडत, घामानं भिजत, प्रणालीवर ओरडत.

निघताना मी विचारलं, "सर, मरनाचं भेव जाते का अभ्यासानं?"

"माह्यं नाई गेलं," ते म्हणाले. "बायको गेली त् एक वर्ष मले डोळे मिटून बसता नाई आलं. खोटं काऊन सांगू?"

त्यांच्या या उत्तरानं मला जितका धीर आला तितका दुसऱ्या कशानं आला नाही.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती, मानेला पट्ट्या होत्या आणि गळ्याला भोक पाडून तिथून श्वास चालू होता. सूज उतरेपर्यंत ते तसंच राहणार होतं. मी हजार वेळा बायांना सांगितलं होतं, नाकानं हळू श्वास घ्या, नाकपुडीशी लक्ष ठेवा. आता माझा श्वास नाकातून येतच नव्हता. गळ्याच्या भोकातून खरखर आवाज यायचा आणि मला स्वतःची किळस यायची. लक्ष ठेवायला दुसरं काहीच सुचेना, तेव्हा मी डोक्यावरच्या पंख्याची कटकट ऐकत पडून राहायचे.

सकाळी पाचला फरशी पुसणाऱ्या बाया यायच्या. सहाला नर्सताई पट्टी बदलायची. दर दोन तासांनी नळीतून दूध किंवा गाळलेली पेज. ते सुरुवातीला नर्सताई द्यायची, मग यजमान शिकले. नांगर धरणारे त्यांचे हात, पण एक थेंब कधी चादरीवर सांडला नाही. ते काम ते न बोलता करायचे. बाकी वेळ बाहेर असायचे.

माझ्याजवळ एक पाटी होती. मला जे सांगायचं ते त्यावर लिहायचे.

मायला आम्ही सांगितलं नव्हतं. पण यजमानांनी माझ्या भावाला फोन केला तेव्हा रागाच्या भरात म्हणाले, "तुह्या मायनं लेकरपनी तिच्या तोंडात तंबाखू कोंबला, आता भोगून राह्यलो आमी." भावाचा फोन जोरात असतो. माय शेजारी बसली होती. तिला कमी ऐकू येतं, पण तेवढं आलं.

नवव्या दिवशी ती आली. आरमोरीहून गडचिरोली, तिथून चंद्रपूर, भावासोबत, दोन गाड्या बदलून. पांढरं लुगडं नेसली होती. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. अर्धा जबडा नव्हता, गाल छातीच्या कातड्याचा होता, सुजून भोपळा झाला होता. भाऊ बाहेर गेला. माय जवळ आली, वाकली.

"छाया, माह्यामुळं झालं का वो हे?"

मला बोलता येत नव्हतं. पाटी होती, पण मायला वाचता येत नाही. तरी मान होती. मान हलवायला दुखत होतं, पण हलत होती. हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. तिचा हात हातात घेता आला असता.

माझ्या डोळ्यांसमोर ती बांधी आली, ती डबी आली, आणि तिचा फार राग आला. मी तोंड भिंतीकडे वळवलं.

ती थांबली. किती वेळ ते मला माहीत नाही. मग तिनं माझ्या पायावर हात ठेवला, चादर सारखी केली आणि गेली.

अहिंसा आधी की सत्य आधी यावर दोन पानं लिहिणारी मी. मी दोन्हींतलं एकही केलं नाही.

जाळी

जखमा भरल्यावर शेक सुरू झाला. सहा आठवडे, रविवार सोडून रोज. चंद्रपूरलाच एका खोलीत राहिलो. शेक देताना चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला अडकवतात. हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. पहिल्या दिवशी मी हात आपटले. तिथल्या मॅडमनी मशीन थांबवलं, आत आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी बाहेरून माईकवर बोलत राहीन. किती उरलं ते सांगत जाईन." त्या रोज सांगायच्या. अर्धं झालं ताई. थोडंच राहिलं ताई. मला त्यांचं नावही माहीत नाही.

बाहेरच्या बाकावर अहेरीकडच्या मडावीबाई भेटायच्या. त्यांनाही तोंडाचंच. मराठी कमी, गोंडी जास्त. मी डोळे मिटून बसते हे पाहून त्याही शेजारी तशाच बसायला लागल्या. तोवर माझ्या तोंडून शब्द फुटायला लागले होते, पण बोबडे, ओले, अर्धे. मी त्यांना हातानं विचारलं, श्वास मोजता का? त्या हसल्या. "नाई बाई. मी त् माह्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसून राह्यली."

धारणेचा सगळा धडा मला पाठ होता. मडावीबाईंनी तो कधी ऐकलाही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून जाळीखाली मी श्वास मोजणं सोडलं. पण मी कुठे जाऊन बसणार? मन सारखं मायच्या घराकडे जायचं आणि तिथे पोचलं की भिंतीकडे तोंड वळवायचं.

चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. चव गेली, लाळ आटली. मडावीबाई एका सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मी त्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या घरी गेल्या, ताई." त्या कशा गेल्या, ते मी पुढे विचारलं नाही.

पाणी

घरी आले ती दिवाळी उलटून गेल्यावर. भावाच्या बायकोनं फोनवर प्रणालीला सांगितलं की माय धड जेवत नाही. नस तिनं सोडली, डबी चुलीत टाकली. आणि घरोघर जाऊन बायांना सांगत फिरते, "माह्या पोरीचं तोंड मीच सडवलं. तुमी आपल्या पोरीले देऊ नोका." लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं.

मी आरमोरीला गेले. माय अंगणात उन्हात बसली होती. आधीच बारीक, आता तर चिमणीएवढी झालेली. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "माय, तुह्यामुळं नाई झालं."

माझ्या तोंडून शब्द धड बाहेर पडत नव्हते. अर्धी जीभ नीट वळत नव्हती. मायनं कान पुढे केला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. तिचा चेहरा एकदम उजळला, समजल्यासारखा. ती गुडघ्यांवर हात टेकत उठली, आत गेली आणि पेला भरून पाणी घेऊन आली.

"घे. हळू पी."

वहिनी दारात उभी होती. तिला कळलं होतं मी काय म्हणाले ते. मी तिला म्हणू शकले असते, वहिनी, तुम्ही सांगा मायला. पण ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून जावं हे मला सहन होईना. आपणच स्पष्ट बोलायला शिकू आणि मग येऊ, असं मी ठरवलं. पाणी प्याले आणि परत आले.

याला तुम्ही अहंकार म्हणा. सरांनी नंतर तेच म्हटलं.

मग मी रोज सकाळी आरशासमोर बसून जिभेचे, ओठांचे व्यायाम केले. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवले होते. दोन बोटांएवढं उघडणारं तोंड हळूहळू तीन बोटांएवढं झालं. आसनं जमत नव्हती, डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सगळा योग त्या एका वाक्यावर आला होता. तुह्यामुळं नाई झालं. 'झ' यायचा नाही. मी तेच वाक्य इतके वेळा म्हटलं की प्रणाली एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, आता समजून राह्यलं." पौष लागला होता.

मायनं ऐकलं

या वेळी माय खाटेवर होती. उठत नव्हती. आजार असा काही नाही, डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, वय. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "माय, तुह्यामुळं नाई झालं."

तिनं ऐकलं. समजलंही.

"मंग कोनामुळं झालं?"

मी तिची चादर सारखी करू लागले.

"काऊन खोटं बोलून राह्यली? तू योग शिकवतं ना बायांले?"

दोन महिने घोटलेलं वाक्य संपलं होतं. दुसरं माझ्याजवळ नव्हतं. मी सुचेल तसं बोलले, अडखळत, थुंकी पुसत. "तू देल्ली होती, माय. पहिली चिमूट तुहीच. मले लय राग आला होता तुह्या. दवाखान्यात म्हूनच तोंड फिरवलं. पन पुढची समदी वर्षं म्या आपल्या हातानं घासली. शिकली, परीक्षा देल्ली, लोकांले शिकवलं, तरी घासली. ते तुह्यं नाई. ते माह्यं आहे."

तिला सगळं कळलं की नाही, माहीत नाही. मधे दोनदा तिनं "काय?" विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग तिनं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर गेलं.

"हां," ती म्हणाली. "आता खरं बोलली तू."

थोड्या वेळानं तिनं वहिनीला हाक मारली आणि पेज मागितली. वाटीभर प्याली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, कारण चार दिवसांत तिनं एवढं घेतलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच वेळी पेज पीत होतो, मी चावता येत नाही म्हणून आणि ती ताकद नाही म्हणून.

मी आठ दिवस राहिले. एका सकाळी माय म्हणाली, "तुमी डोळे मिटून काय करता, मले बी सांग." मी सांगितलं, काही करायचं नाही माय, येते ते पाहायचं. ती म्हणाली, "ते त् मी जनमभर करून राह्यली." आणि तिला झोप लागली.

माघात ती गेली. माझ्यासमोर तिनं पेज घेतली होती, पण अंगातली उतरलेली ताकद पुन्हा चढली नाही.

मी भिंतीकडे तोंड वळवलं त्या दिवसापासून पौषापर्यंत पाच महिने होतात. त्या पाच महिन्यांत ती किती जेवली असती, किती जगली असती, हा हिशेब मी करत नाही असं नाही. ध्यानाला बसते तेव्हा तोच आधी येतो. मी त्याला पाहते. तो जात नाही. कधी पाच मिनिटं बसतो, कधी पूर्ण तास.

हे मी सरांना सांगितलं. अहिंसा आधी की सत्य, सर, मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं? ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं शिकवलं, छाया. मले इतकं कठीण कोनी विचारलं नाई. मले येत नाई." मग म्हणाले, "पन गप्प राहनं म्हंजे अहिंसा नाई, एवढं आपन दोघं बी शिकलो."

आता

मी पुन्हा वर्ग घेते. सूचना कमी देते, करून जास्त दाखवते. बायांना पहिल्याच दिवशी माझं तोंड आतून दाखवते. काही दुसऱ्या दिवशी येत नाहीत. यजमानांचा खर्रा सुटला, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सुटलेला नाही. आता ते मला लपवून खातात. वास येतो. मी रोज बोलून दाखवते, भांडण होतं, होऊ देते.

ज्यांच्या घरात हे आलं आहे त्यांना एवढंच सांगते. आजारी माणसाला राग येतो आणि तो सगळ्यांत जवळच्या माणसावर येतो. येऊ द्या. पण कुणी तुम्हाला काही विचारायला आलं तर उत्तर द्या. वेडंवाकडं द्या, अर्धं द्या, हातानं द्या. उद्या नीट देऊ म्हणून ठेवू नका.

गेल्या आठवड्यात चंद्रपूरला तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सध्या कुठे काही दिसत नाही. बाहेर येऊन त्याच बाकावर बसले आणि भावाच्या घरी फोन लावला. वहिनीनं उचलला. मी म्हटलं, "वहिनी, रिपोर्ट चांगला आला. मायले फोन द्या."

लक्षात आलं तोवर शब्द तोंडून गेले होते.

मग वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तुमचं बोलनं आता साफ समजते."